दिनानाथच्या गिटारची कड

माझ्या घरातली माणसे एखादी गोष्ट सरळ सांगतील, ही अपेक्षा मी फार पूर्वी सोडून दिली. दुखत असेल तर दुखते म्हणावे, रुतत असेल तर रुतते म्हणावे, इतके ते सोपे आहे. पण आमच्याकडे मनातले बोलणे म्हणजे जणू अंगावरचे वस्त्र फेडणे. मग शेवटी सारे निस्तरायला मी असतेच.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. माझा मुलगा दिनानाथ तारापूरच्या वीज केंद्रात नकाशे आखण्याच्या कामावर होता. दिवसभर पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसणारा माणूस घरी आल्यावर तरी पट्टी खाली ठेवील, असे कोणालाही वाटेल. त्याने ती ठेवली नाही. शिरगावातल्या आमच्या वाडीतला जुना फणस वादळात पडला, तेव्हा त्याने त्याच्या फळ्या पाडून घेतल्या. बोईसरच्या भंगारवाल्याकडून परदेशी यंत्रांच्या खोक्यांची पांढरी, हलकी लाकडे आणली, आणि मागच्या पडवीत बसून दोन वर्षे आपल्या मुलीसाठी गिटार केली. गिटार झाली. वाजलीही. पण त्याचा सारा जीव होता तो तिच्या कडेवर. वरची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात, तिथे त्याने शिंगाची काळी पट्टी बसवली होती आणि ती कड आखल्यासारखी काटकोनात ठेवली होती. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी गिटार यायची. "नख फिरवून पाहा," दिनानाथ म्हणायचा. पाहुणे नख फिरवायचे. बिचारे दुसरे काय करणार?

माझी नात विजया पालघरच्या कॉलेजात शिकत होती आणि वीज केंद्राच्या वसाहतीतल्या वाद्यवृंदात वाजवीत होती. शनिवारी वसाहतीचा स्नेहमेळावा होता. आपल्या हातची गिटार रंगमंचावर वाजणार, हे दिनानाथने कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना सांगून ठेवले होते.

त्या आठवड्यात माझ्या भाचीच्या लग्नासाठी बांगड्या भरायला कासार घरी आला. त्याने विजयाचा उजवा हात धरला आणि ती कळवळली. मी तिची बाही वर केली. कोपराच्या थोडे खाली, मोळीची दोरी करकचून बांधावी तसा लाल आडवा वळ.

"हा वळ कसला?"

"काही नाही, माई. पिशवीच्या पट्ट्याचा."

"पिशवी तू कोपराखाली अडकवतेस?"

कासार मान खाली घालून हसला. त्याला सुनेच्या हातात बांगड्या भरायला लावून मी विजयाला माजघरात नेले. तेव्हा कुठे तिने तोंड उघडले. गिटारची कड हाताला रुतते. थोडा वेळ वाजवले की मुंग्या येतात, मग बोटे जड होतात आणि सूर चुकतो.

"बापाला सांगितलंस?"

"नाही. आणि तूही सांगू नकोस. शनिवारी मी देवूची गिटार घेणार आहे. कारखान्यातली आहे, तिची कड गोल आहे. बाबांना सांगेन, ऐन वेळी तार तुटली."

देवू म्हणजे त्या वाद्यवृंदातला एक मुलगा. म्हणजे सगळी कचेरी पुढे बसलेली, बाप छाती फुगवून पहिल्या रांगेत, आणि मुलगी परक्याची गिटार घेऊन उभी. ही त्यांची माया! एकाने हात चिरेल अशी वस्तू प्रेमाने करायची, दुसरीने ती प्रेमाने सोसायची, आणि पुढे प्रेमानेच खोटे बोलायचे.

मी जेवणाच्या पाटावरच दिनानाथला विचारले, "त्या गिटारची कड कमी करता येते का?"

त्याचा घास हातातच राहिला. "कड? का?"

"विजयाच्या हाताला रुतते."

विजयाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिचे लग्न परस्पर ठरवून आले होते.

"सुरुवातीला रुततेच," दिनानाथ म्हणाला. "सवयीनं हात तयार होतो."

"मुलगी आहे ती. बैल नव्हे, मानेला घट्टा पडेपर्यंत जू ओढायला."

तो ताटातले संपवून उठला. माझी सून पुष्पलता हिने भाताचे भांडे पुढे केले आणि तसेच मागे घेतले. नवरा आणि सासू यांच्यामध्ये काय वाढावे हे तिला कधीच समजलेले नाही.

सकाळी पाहते तो दिनानाथ पडवीत गिटार मांडीवर घेऊन बसलेला. रात्री विचार केला असावा. "माई, कड तासता येत नाही असं नाही," तो म्हणाला. "पण आत काही आधार नाही. फळी ताटाच्या काठाएवढी जाड. तासली की भोक पडेल."

"मग आतून लाकूड लाव आणि मग तास."

"लावू कसं? मधल्या भोकातून हात जात नाही." भोक लहान ठेवले की नाद मोठा होतो, हा त्याचा स्वतःचा शोध होता. आता भोगा.

तेवढ्यात मुरबे गावातून पुंडलिक आला. हा होड्या बांधणारा सुतार, दिनानाथचा शाळेपासूनचा मित्र. ज्याला कोणी काही विचारले नाही त्या विषयावरही त्याचे मत तयार असते. त्याने आपला पंजा भोकाला लावून पाहिला. तो पंजा म्हणजे वल्ह्याचे पाते. विजयाचा हात आईच्या वळणाचा, मोठा. तो बोटांच्या पेरांशी अडकला. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या मापाची बांगडी मिळत नाही, म्हणून कासार दर वेळी लहान मुलींच्या पेटीत शोधतो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

"माझ्याकडे पाहू नका," मी म्हटले. पण मीच बोलून बसले होते, आतून लाकूड लाव म्हणून.

उजव्या हातातल्या पाटल्या उतरल्या, हिरव्या बांगड्या साबण लावून काढल्या. सवाष्णीचे मनगट मोकळे राहू नये, म्हणून पुष्पलताने हळदीचा दोरा बांधला. दिनानाथने फणसाचा उरलेला तुकडा कडेच्या वळणाप्रमाणे कोरून ठेवला होता. त्याला चिकटवायला ऊन सरस लावला आणि तो तुकडा माझ्या बोटांत दिला. माझा हात कोपरापर्यंत गिटारच्या पोटात गेला.

आत मला काही दिसत नव्हते, आणि हा मला असे सांगत होता जणू मी आरशात पाहते आहे. "वर, माई. अजून वर. तुझं वर नाही, गिटारचं वर!"

"गिटारला वर-खाली कळतं, मला नाही, असंच ना?"

"आता दाब. सरस धरेपर्यंत हलू नकोस." बाहेर आलेला सरस पुसायला गरम पाणी हवे, म्हणून तो चुलीकडे गेला.

नेमकी तेव्हाच मुरब्याची जमना कोळीण पाटी घेऊन दारात आली. मला पाहून तिने पाटी उतरवलीच नाही. "आगो माई! हात आडाकला का काय?"

"अडकला नाही. मी काम करते आहे."

"पेटीत काय सोन्याचा हार पडला का?" आणि पुंडलिकाला, "आरं, तेल लाव माईच्या हाताला, आन् ओढ!"

"बोंबील ठेव आणि जा," मी म्हटले. ती गेली, पण पुढच्या आळीपर्यंत तिचे हसू ऐकू येत होते. संध्याकाळपर्यंत गावात काय सांगितले जाणार, हे मला कळून चुकले.

पुंडलिक मात्र हसत नव्हता. तो त्या तुकड्याच्या जागी बाहेरून बोट दाबून पाहत होता. "माई, ह्या सरसाचा काय भरोसा? दमट हवा लागली का सुटला. आमी फळीला फळी खिल्याबिगर जोडीत नाय." होडीच्या तळाला ज्याने पत्रा ठोकतात तो तांब्याचा बारीक खिळा त्याने खिशातून काढला आणि हातोडीने बाजूतून ठोकला. मी "अरे!" म्हणेपर्यंत दुसराही गेला. हात आत असल्यामुळे ते दोन्ही ठोके माझ्या दातांपर्यंत पोहोचले.

दिनानाथ गरम पाणी घेऊन आला. त्याने खिळे पाहिले. भांडे इतक्या हळूच जमिनीवर ठेवले की तो किती संतापला आहे हे मला लगेच समजले.

"पुंडलिक, तासायची जागा तीच आहे."

"तर मंग? घट झाली आता. तांब्याचं हाय, गंजायचं नाय."

"रंधा खिळ्यावरून फिरवू?"

"मंग काढू का उपटून?"

"उपटलास तर तुकडा सुटेल!"

होडी बांधणाऱ्याला खिळा नाही म्हणजे काम अर्धे वाटते, आणि रेषा आखणाऱ्याला खिळा दिसला म्हणजे काम संपलेच वाटते. माझा हात सुटायला अजून वेळ होता. त्या दोघांच्या मधोमध, एक हात लाकडात अडकवून, मी दोघांनाही जे सांगायचे ते सांगितले. त्यातले काही इथे लिहिण्यासारखे नाही.

शुक्रवारी दिनानाथ गिटारला न शिवता कामावर गेला आणि न बोलता परत आला. गिटार पडवीत पडून होती, तारा काढलेल्या, कडेला दोन लाल ठिपके. चहा होईपर्यंत मी वाट पाहिली. मग विजयाला म्हटले, "तू सांगतेस, की मी सांगू?"

तिने पदराशी चाळा करावा तसा ओढणीचा काठ पिळला. "बाबा, राहू दे ना ते. उद्या मी देवूची गिटार वाजवते. ठरवलंय आमचं."

"कधी ठरवलंत?"

"दिवाळीच्या आधी."

दिनानाथने कप खाली ठेवला. "म्हणजे खिळ्यांच्या आधीच. आणि मी कचेरीत सगळ्यांना..."

"म्हणूनच सांगवलं नाही. तुम्ही पाहुण्यांना कड दाखवता ना, तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो तुम्हाला माहीत नाही. त्या चेहऱ्याला काय सांगू, की हात बधिर होतो? मला ही गिटार आवडते, बाबा. हिचा आवाज देवूच्या गिटारला येणार नाही. पण मला हिच्यावर एक गाणं पुरं वाजवता येत नाही."

मला वाटले होते तो पुन्हा उठून जाईल. तो उठला खरा, पण पडवीत जाऊन त्याने हाक मारली, "विजया, इकडे ये. बैस. वाजवतेस तशी धर."

ती बसली. त्याने कंपास काढला नाही, पट्टी काढली नाही. तिचा हात गिटारवर जसा पडला, त्याच्या दोन्ही बाजूंनी पेन्सिल फिरवली. वाकडीतिकडी, कुठल्याही नकाशात न बसणारी रेघ. मग त्याने स्वतःच्या हाताने बसवलेल्या शिंगाच्या पट्टीवर पटाशी ठेवली आणि ती कापली. मला बघवले नाही. मी तुळशीपाशी दिवा लावायला गेले.

रंधा खिळ्याला लागला तेव्हा पात्याला खाच पडली. मग त्याने कानस घेतली. तांबे मऊ, लाकडाबरोबर झिजत गेले. शनिवारी दुपारपर्यंत कडेच्या जागी एक रुंद उतार झाला, फणसाचा पिवळाधमक, आणि त्यात दोन तांबड्या टिकल्या. पुंडलिक पाहायला आला आणि ते आपल्यालाच सुचले होते अशा थाटात मान हलवू लागला. मी त्याला नारळ सोलायला बसवले.

तारा चढल्या, विजयाने वाजवायला घेतले. दिनानाथ गिटारकडे पाहत नव्हता. गाणे संपल्यावर म्हणाला, "हात दाखव."

वळ नव्हता.

"मुंग्या?"

"नाहीत." मग कडेवर बोट ठेवून, "पण खालचा कोपरा अजून टोचतो. इथे."

दोन दिवसांपूर्वी हे शब्द तिच्या तोंडून निघाले नसते. मला बरे वाटायला हवे होते, पण घड्याळ समोर होते. "बस जाईल!" मी म्हटले. दिनानाथने तारा सैल केल्या आणि पुन्हा कानस उचलली. मी आणखी दोनदा ओरडले. बाप-लेक गिटारवर वाकून, "इथे?" "थोडं खाली," "आता?" असे चालूच. बस गेली. शेवटी मी शेजारच्या दामूला त्याचा चिकूचा टेम्पो काढायला लावला. विजया आणि मी पुढे बसलो. दिनानाथ मागे करंड्यांमध्ये, गिटार छातीशी, हातात लाखेच्या पॉलिशचा बोळा. खड्डा आला की आधी त्याची शिवी आणि मग पॉलिशचा वास पुढे येत होता.

मंडपाच्या मागच्या दारात देवू आपली गिटार सुरात लावून उभा होता. ठरल्याप्रमाणे त्याने ती विजयापुढे केली.

"ठेव ती तुझ्याजवळ," विजया म्हणाली. "आणि हिला हात लावू नकोस, ओली आहे."