झाकणाखालचा वास

दोष क्विरिन हालहूबरचा. थंडीचा नाही, बुरशीचा नाही, नशिबाचा तर मुळीच नाही. मी त्याचा मग बोलतोय. राखाडी, पक्क्या भाजणीचा, अर्ध्या लिटरचा. जे घडलं ते माझ्या पोटात घडलं, तेव्हा साक्षही माझीच धरा.

मी जन्मलो बारांच्या संचात. भट्टीतून निघालो तर पोट एका अंगाला जरासं कललेलं. कुंभाराने अकरा भावंडं खोक्यात भरली आणि मला फळीवर सारलं. "हा संचात चालायचा नाही." तिथेच माझी शाळा सुटली.

त्याच आठवड्यात क्विरिनच्या हातून त्याच्या आजोबांचा मग फुटला होता. गावात सांगितलं मांजराने पाडला. कथलाचं झाकण तेवढं वाचलं. त्याने कुंभाराच्या फळीवरून मला विकत घेतलं, ते झाकण माझ्या कानावर बसवून घेतलं आणि खानावळीत मला सगळ्यांसमोर ठेवलं. "मांजराने पाडला खरा, पण आजोबांचा मग आहे, फुटतोय कसला!" लोकांनी माना डोलावल्या. माझं वय तेव्हा तीन आठवडे. पण झाकण जुनं दिसलं की म्हाताऱ्यांना खालचं काही बघावं लागत नाही.

आमच्या खानावळीत रोजच्या गिऱ्हाइकांचे मग भिंतीवर खुंट्यांना टांगलेले असतात. ज्याचा त्याने धुवायचा, तोही नुसत्या थंड पाण्याने. साबण लागला की बिअरचा फेस मरतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाकीचे लोक धुतल्यावर आपला मग उपडा ठेवून निथळू देतात, नंतर टांगतात. क्विरिन ओलाच टांगायचा, वर झाकण खटकन बंद करायचा. कारण उघडं झाकण म्हणजे 'अजून भर' अशी मागणी, आणि हालहूबरांच्या घरात म्हणे कुणी कधी मागितलं नाही. हे चालून जायचं, कारण त्याला नाक होतं. रोज आल्याआल्या झाकण उघडून नाक आत घालायचा आणि जरा कुबट वाटलं तर तीन तीनदा विसळायचा.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आमच्याकडे वर्षभराचं बळ यावं म्हणून कडक बिअर पितात. क्विरिन प्यायला, मला विसळलं, ओलाच टांगलं, झाकण बंद. घरी गेला तो तापाने फणफणला आणि सहा आठवडे आलाच नाही.

मी सहा आठवडे अंधारात. आतलं पाणी आटलं, पण झाकणाच्या बिजागरीत ओल राहिली आणि तिथे बुरशी धरली. मी ओरडणार कसा? माझं तोंड त्यानेच बंद केलेलं.

ईस्टरआधीचा उपासाचा महिना लागला तेव्हा तो परत आला. मला खाली काढलं, झाकण उघडलं, नाक आत घातलं. पूर्वी त्याच्या नाकपुड्या घोड्यासारख्या थरथरायच्या. आज काहीच हललं नाही. त्याने दुसऱ्यांदा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं, आणि त्याचा हात घामेजला. तापाने त्याचं नाक नेलं होतं, वासासकट चवही. मला कळलं, त्याला कळलं. तिसऱ्या कुणाला त्याने कळू दिलं नाही.

"काय क्विरिनकाका, नाक अजून तरुण आहे ना?" खानावळीच्या मालकीणबाईंनी, क्रेसेन्सबाईंनी विचारलं.

"तुझ्या नवऱ्यापेक्षा तरुण," तो म्हणाला. सगळे हसले.

आता अफ्राचं सांगतो. अफ्रा, वय एकोणतीस, गावच्या बिअरभट्टीत राबणारी. भट्टी तिच्या मामाची, लेओची. उपासाच्या महिन्यात आमच्याकडे अन्न कमी आणि बिअर घट्ट, डॉपलबॉक म्हणतात तिला, जेवणाच्या जागी पिण्याजोगी. अफ्राने या वर्षी स्वतःच्या हिशेबाने एक केली. जव जास्त भाजले, घाई केली नाही, चार महिने थंड तळघरात निजवली. मामाने सरळ सांगितलं होतं, "एकोणीस मार्चला, योसेफच्या सणाला, गावाने प्यायची म्हणून तुझी बिअर निवडली, तर भट्टी तुझ्या हातात. नाही निवडली, तर पुढच्या वर्षापासून डॉपलबॉक शहरातून मागवायची. मला म्हातारपणी प्रयोग नकोत."

निवडणार कोण? चार म्हातारे. क्विरिन, निवृत्त मास्तर गेबहार्ड, गुरांचा डॉक्टर फाइट आणि लेओमामा स्वतः. रीत अशी की चार भट्ट्यांच्या चार बिअर चौघांच्या चार मगांत ओतायच्या. रंग दिसू नये म्हणून पक्क्या मातीचेच मग. कोणती कुठे ते फक्त मालकीणबाईंना माहीत. टेबलाभोवती फिरतात ते मगच, एकातली बिअर दुसऱ्यात ओतत नाहीत. मधेमधे कोरड्या पावाचा तुकडा. मत पहिलं क्विरिनचं, कारण चाळीस वर्षं तेच चालत आलंय.

सणाच्या आधीच्या रविवारी, दुपारी, चर्च सुटल्यावर टेबल लागलं. गेबहार्डच्या मगात टेकडीवरच्या मठाची. फाइटच्या मगात नदीपलीकडची. लेओमामाच्या मगात शहरातली. आणि माझ्यात अफ्राची.

मला जीभ नाही, पण बिअर मला अंगाने कळते. ही जड होती, संथ होती. भाजलेल्या पावाच्या काळ्या सालीसारखी, काळ्या मनुकांसारखी. गोड होती पण चिकटत नव्हती, शेवटी नेमकी कडू होऊन बाजूला व्हायची. इतकं चांगलं माझ्यात कधी कुणी ओतलं नव्हतं. आणि माझ्या झाकणातून घाण तिच्यावर उतरत होती.

मठाची फिरली. क्विरिनने हिला आणि पुढच्या दोन्हींना 'चालेल' एवढंच मत दिलं. "काकवी!" गेबहार्ड म्हणाला. "पहिला घोट देवाचा, दुसरा मुंग्यांचा."

नदीपलीकडची फिरली. "हिच्यात नुसती दारूच लागते, चव मागून चालत येते," फाइट म्हणाला. "गाईला पाजली तर गाय गाणं म्हणेल."

शहरातली फिरली.  शहरातल्या बिअरमध्ये बोलण्यासारखं काही नसतंच, म्हणून ती कुणाला खटकतही नाही.

मग मी. क्विरिनने झाकण उचललं, नाक घातलं, घोट घेतला, चेहरा दगडाचा. मला पुढे सरकवलं आणि तिरप्या नजरेने गेबहार्डकडे बघत बसला. गेबहार्डचं नाक आक्रसलं.

"कुबट," क्विरिन लगेच म्हणाला, जणू त्यालाच आधी कळलं होतं. "तळघर ओलं असणार."

"ओल्या पोत्याचा वास आहे," गेबहार्ड म्हणाला. फाइटने मान हलवली. लेओमामाने घोट घेतला आणि तोंड पुसलं. "ज्याची असेल त्याने भट्टीला कुलूप लावावं."

अफ्रा दाराशी उभी होती. क्रेसेन्सबाईंच्या चेहऱ्यावरून तिला समजलं. ती सरळ टेबलाशी आली.

"माझी आहे ना ती? मी आज सकाळी पिंपातून प्यायलेय. कुबट नाहीये."

"अफ्रा, नाचता येईना अंगण वाकडं," लेओमामा म्हणाला.

"मामा, बिअर ओतून टाका आणि रिकामा मग हुंगा. एवढंच म्हणतेय."

"क्विरिनचा मग?" गेबहार्ड हसला. "पोरी, त्या मगात तुझे पणजोबा बिअर प्यायलेत!"

"मग पणजोबांचा वास असेल. हुंगा!"

 शेवटी क्विरिननेच मला उचललं. बिअर बादलीत ओतली. झाकण वर केलं. त्याचं नाक माझ्या आत, बुरशीपासून दोन बोटांवर. त्या क्षणी एवढं म्हणायचं होतं, 'मला वास येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या.' एवढंच. मी त्याच्या तळहाताचा घाम माझ्या कानावर भोगला.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. आणि झाकण खटकन बंद केलं.

अफ्राने हात पुढे केला होता. लेओमामाने तो खाली केला. "पुरे. मोठ्यांचा मान ठेव." तीही पोर शेवटी याच गावातली, मान ठेवला. तीच तिची चूक.

सणाला शहरातली बिअर लागली. त्याआधीच अफ्रा बॅग घेऊन बसमध्ये बसली होती.

सणाच्या दुसऱ्या दिवशी क्रेसेन्सबाई खुंट्या पुसत होत्या. माझं झाकण हाताला लागून उघडलं. "अगंबाई! क्विरिनकाका, यात काय मेलंय?" त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. "त्या पोरीची मी यातच ओतली होती ना?"

टेबलावर गेबहार्डही होता. त्याने पावाला लोणी लावायला घेतलं, फार वेळ लावत राहिला.

"झालं ते झालं," क्विरिन म्हणाला. "एका पोरीसाठी आता सण उलटा करायचा का? मडकंच कच्चं निघालं."

नव्वद वर्षांचा म्हणून मिरवलेला मग एका दुपारीत मडकं झाला. त्याने झाकण उपटून घेतलं, उकळत्या पाण्यात घातलं, घासलं, चकचकीत केलं. नवा मग आणला. आता तोच आजोबांचा.

मी शेगडीशेजारी असतो. माझ्यात पेटवणाच्या काटक्या ठेवतात. मी कोरडा ठणठणीत आहे, कुणीही हुंगावं. काटक्या काढायला येणाऱ्या प्रत्येकाला मला सांगावंसं वाटतं, धुतल्यावर झाकण उघडं ठेवा, आणि नाक गेलं असेल तर गेलं म्हणा. पण माझं ऐकतो कोण? क्विरिन अजून पहिलं मत देतो.

अफ्रा परत आली नाही. गावची भट्टी डॉपलबॉक करत नाही. माझं झाकण गेलं, खुंटी गेली, आणि त्या सणानंतर माझ्यात बिअर पडलेली नाही.