गढूळ दिसणारं पाणी

डिशवॉशर पुन्हा अर्ध्यावर थांबला आणि त्याचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. दोब्रिवोये टेबलाशी भाजलेल्या मिरच्या सोलत बसला होता. त्याने मानही वर केली नाही.

"जावईबापू, तुमचं लेकरू रडतंय."

रेल्याने वाकून यंत्राचं दार उघडलं. लेस्कोवाट्समध्ये बायकोच्या घरी नांदायला आलेल्या पुरुषाने काय काय ऐकून घ्यायचं असतं, हे त्याला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यात तो पिरोटचा, आणि पिरोटची माणसं चिक्कू म्हणून साऱ्या मुलखात बदनाम. सासऱ्याला आयतं कोलीत मिळालं होतं.

हे यंत्र रेल्याने आणलं होतं आणि स्वतःच बसवलं होतं. भिंतीला भोक त्याने पाडलं, नळाचा जोड त्याने केला. दोब्रिवोयेचा जन्म कापडगिरणीत नळजोडणी करण्यात गेला होता, आणि त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. खरं ठसठसत होतं ते हे.

यंत्र बिघडल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर निकाल देऊन टाकला. घराचा वरचा मजला नुसत्या विटांचा उभा होता. चौकटी नाहीत, गिलावा नाही. हिवाळ्याआधी तिथे पाणी आणि वीज नेऊन रेल्या आणि त्याची बायको तियाना वेगळं बिऱ्हाड करणार होते. दोब्रिवोये म्हणाला, "बिघाड तुझ्या जोडणीचा निघाला, तर वर तू एक नळ लावायचा नाहीस. मजला गोरानला देईन. ज्याला एक जोड धड जमत नाही, त्याच्या हाती घर देऊ?" गोरान म्हणजे थोरला मुलगा, व्हिएन्नात असायचा. स्लावाला, म्हणजे कुळाच्या संताच्या सणाला, तो येणार होता. स्लावा उद्यावर आली होती.

रेल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नळ उघडून बादलीत पाणी सोडलं, धार जोरात होती. आत येणाऱ्या नळीची जाळी काढली, ती स्वच्छ होती. बाहेर जाणारी नळी फुंकून पाहिली, वारा आरपार गेला. जोडाखाली कोरडा कागद ठेवला, तो कोरडाच राहिला.

"जोड ठीक आहे," तो म्हणाला.

"चोरानं स्वतःची झडती घेतली आणि काही सापडलं नाही," दोब्रिवोये म्हणाला. "अरे, क्षार चढलाय त्याच्यात. क्षार धरू नये म्हणून त्या यंत्राला मीठ लागतं, ते घातलं नसशील. पिरोटचा माणूस दुसऱ्याच्या जेवणात मीठ घालत नाही, यंत्रात कुठलं घालणार?"

"मीठ भरलेलं आहे."

"मोजून भरलं असशील."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रादोयका, रेल्याची सासू, आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. बशीतल्या दुधात बोट बुडवायचं, कागदाच्या मागे फिरवायचं, कागद काचेवर दाबायचा. तिच्या आईने असंच केलं होतं, आजीनेही. या घरात रेल्याची बाजू घेणारी ती एकटी. पिट्याचा, म्हणजे सारण भरून भाजलेल्या थरांच्या पोळीचा, कुरकुरीत कोपरा ती त्याच्यासाठी झाकून ठेवायची आणि नवऱ्याला म्हणायची, "पोराला खाऊ दे, मग छळ." आज मात्र ती गप्प होती. रेल्याला वाटलं, सणाच्या कामाने थकली असेल.

त्याने यंत्र भिंतीपासून ओढलं, उरलेलं पाणी उपसलं आणि जुन्या घोंगडीवर ते आडवं केलं. खालचा पत्रा काढल्यावर पाणी साठण्याच्या वाटीला चिकटलेला छोटा सेन्सर दिसला. काम साधं होतं त्याचं. पारदर्शक प्लास्टिकच्या दोन बोटांमधून धुण्याचं पाणी जातं. एका बोटातून प्रकाश निघतो, दुसरं तो किती पोहोचला ते मोजतं. प्रकाश अडला म्हणजे पाणी गढूळ, भांडी अजून घाण. मग यंत्र पाणी बदलतं, पुन्हा मोजतं, आणि बदलून बदलून थकलं की हात टेकतं.

रेल्याने तो फिरवून बाहेर काढला. दोन्ही बोटांवर पांढुरकी, चिवट साय होती. पाणी स्वच्छच होतं, यंत्राच्या डोळ्यावर पडदा आला होता.

"बघ," दोब्रिवोये खुर्चीतून उठून आला. "पांढरं. क्षार. मी काय म्हणत होतो? मीठ भरण्याचं झाकण नीट लावलं नाहीस, म्हणजे जोडणीच चुकली. तियाना, भावाला फोन कर, म्हणावं वरच्या खिडक्यांची मापं घ्यायच्या तयारीने ये."

दारात उभी असलेली तियाना म्हणाली, "बाबा, त्याला जरा बघू तर दे."

"दोन वर्षं बघतोच आहे तो. माझ्या छपराखालून."

रेल्याने वाटीत व्हिनेगर ओतलं आणि सेन्सर त्यात बुडवला. क्षार असता तर बुडबुडे यायला हवे होते. त्याने वाकून पाहिलं. एकही बुडबुडा नाही. सायीच्या कडा उलट आखडल्या आणि तिचे पांढरे कण सुटून तरंगायला लागले, नासलेल्या दुधासारखे.

दुधासारखे नव्हे. दूधच.

त्याने एक कण चिमटीत चुरडला. आत कागदाचा लगदा होता. मग त्याने कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात सेन्सर धरला, तशी साय विरघळून निघाली आणि प्लास्टिक लख्ख झालं.

त्याची नजर आपोआप टेबलाच्या त्या टोकाकडे गेली. रादोयकाचं दुधाने ओलं बोट हवेतच थांबलं होतं. ती त्याच्याकडेच पाहत होती. तिने नकारार्थी मान हलवली, इतकी थोडी की ज्याला बघायचं त्यालाच दिसावी.

रेल्याला सगळं उलगडलं. गेल्या वर्षीच्या रिकाम्या बरण्या, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या तशाच. घरात कुणी नसताना तिने त्या यंत्रात घातल्या असणार, खेपेमागून खेप. गरम पाण्यात कागद सुटला, दूध सुटलं आणि दोन्ही इथे येऊन बसलं. लपवायचं कारणही उघड होतं. यंत्र आलं त्या दिवशी दोब्रिवोयेने जाहीर केलं होतं, "माझ्या बायकोला हात आहेत. खोक्याची गरज तुमच्या आळशी पिढीला."

"मग?" दोब्रिवोयेने विचारलं. "क्षार ना?"

हो म्हटलं असतं तर वरचा मजला गेला असता. रेल्याने सेन्सर पुसला. पुसायला लागतो त्याहून जास्त वेळ पुसला.

"क्षार नाही," तो म्हणाला. "क्षार व्हिनेगरमध्ये फसफसतो. हे दूध आहे आणि कागद आहे. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या. माझ्या जोडणीचा काही संबंध नाही."

दोब्रिवोये वाटीतल्या कणांकडे पाहत राहिला, मग बायकोकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याहून वाईट, मजा होती.

"रादोयका? तूसुद्धा? आणि मला सांगत होतीस, उभं राहून धुतल्या, कंबर मोडली. मी तुझ्या पाठीला राकिया चोळून दिली, प्यायची चांगली दारू!"

"बरण्या शंभराच्या वर होत्या," रादोयका म्हणाली. ती नवऱ्याशी बोलत होती, पण नजर रेल्यावर होती.

"माझी आई दोनशे धुवायची. ओढ्यावर."

"तुझी आई वारली तेव्हा तिची बोटं मिटत नव्हती."

"ऐका, आता माझ्या आईवर आली," दोब्रिवोये हसत म्हणाला, आणि हसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. यंत्र सुरळीत चाललं होतं, आणि प्रत्येक नव्या पाहुण्याला दोब्रिवोये त्याच्यापाशी नेऊन गोष्ट सांगत होता. नासलेलं दूध, राकिया चोळलेली पाठ. दर खेपेला पाठीवर एक बाटली वाढत होती. गोरान तर डोळे पुसेपर्यंत हसला. मग दोब्रिवोयेने ग्लास उचलला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मजला रेल्याचा. पोराचं काम चोख आहे, मी आधीच म्हणत होतो."

तियानाने टेबलाखालून रेल्याचा हात दाबला नाही. "एखादी थाप मारता आली असती," ती हळूच म्हणाली.

"कोणती?"

"यंत्रच मुळात बिघडलेलं आलं, म्हणायचं. बाबांना यंत्राविषयी काहीही पटतं."

ते त्याला सुचलं नव्हतं. खरं म्हणजे त्याने शोधलंच नव्हतं. उत्तर सापडलं होतं, ते बरोबर होतं, त्याच्या फायद्याचंही होतं.

रादोयका पिट्याचं ताट घेऊन टेबलाभोवती फिरत होती. रेल्यापाशी आली तेव्हा ताटात मधलेच तुकडे उरले होते, मऊ आणि ओलसर. तिने एक त्याच्या पुढ्यात ठेवला.

"वर आधी चूल टाक," ती म्हणाली. "नळाचं नंतर बघ."

"आई, मला तसं..."

"आई तुझी पिरोटला आहे," रादोयका म्हणाली आणि ताट घेऊन पुढच्या पाहुण्याकडे वळली.

जेवण आटोपल्यावर रेल्या वर गेला आणि विटांच्या भिंतीवर चुलीच्या धुराड्याची जागा खडूने आखू लागला. खाली दोब्रिवोये पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.