पॅरललचा तिसरा अर्थ

दुपारी बाराच्या सुमारास रस्त्याखालची मोठी जलवाहिनी फुटली आणि वाचनालयाच्या तळघरात पाणी शिरलं. तिथे शहरातली साठ वर्षांची वर्तमानपत्रं बांधून ठेवलेली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ग्रंथपालबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तडक धाकट्या दिराला फोन लावला. दीर प्लंबर होता. पंधरा मिनिटांत तो पेट्रोलवर चालणारे दोन नवेकोरे पंप टेम्पोत घालून हजर झाला.

जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या बुडाल्या होत्या. सगळ्यात खालची फळी बाईंनी कशीबशी रिकामी केली होती. दुसऱ्या फळीपर्यंत आता वीतभरच अंतर उरलं होतं.

"वहिनी, हे तुमच्या खात्यातलं काम," दिराने पंपावर चिकटवलेला इंग्रजी कागद दाखवला. "दोन पंप कसे जोडायचे ते यात लिहिलंय म्हणे."

बाईंनी भराभर वाचलं. "पाणी जास्त उंच चढवायचं तर सिरीज. कमी वेळात जास्त पाणी काढायचं तर पॅरलल. आपल्याला पॅरलल हवं."

"म्हणजे कसं?"

"समांतर. शेजारी शेजारी, मधलं अंतर सगळीकडे सारखं. रेल्वेचे रूळ असतात ना, तसे."

शब्दाचा अर्थ सांगताना बाई कधी अडत नसत, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. दिरानेही शंका काढली नाही. त्याने टेप लावून दोन्ही पंप तळघराच्या खिडकीबाहेर अगदी सरळ मांडले. मग उंच इमारतींत नेहमी करायचा तसं पहिल्या पंपाचं पाणी दुसऱ्यात सोडलं. दोन्ही पंप धडधडू लागले. गटारात पाण्याची धार पडली. बाई जिन्यात उभ्या राहून डोळे फाडफाडून पाहत होत्या.

दहा मिनिटांनी चौथी पायरी बुडाली.

"भावोजी, पाणी चढतंय."

"पंप तर ठणठणीत आहेत. आणि रुळांसारखेच ठेवलेत, बघा, बोटभरही वाकडे नाहीत."

रुळांसारखेच. बाईंच्या मनात काहीतरी खटकलं. पाणी उपसण्यासाठी पंप सरळ असले काय नि तिरपे असले काय, काय फरक पडणार होता? त्या धावतच वर गेल्या आणि वाचन कक्षातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश टेबलावर आदळून पानं उलटू लागल्या. पॅरलल. पहिला अर्थ रेषांचा, तो त्यांना माहीत होता. दुसरा, एकसारख्या घडणाऱ्या दोन गोष्टी. तिसऱ्या अर्थावर त्यांचं बोट थांबलं. खाली दिव्यांचं छोटंसं चित्र होतं: वीज एका जागेहून निघते, दोन वाटांनी जाते, दोन्ही दिव्यांना आपापली मिळते.

बाई शब्दकोश छातीशी धरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आल्या.

"चुकलं माझं, भावोजी. कसे ठेवायचे याचा काही संबंधच नाही. पाण्याच्या वाटा दोन पाहिजेत. प्रत्येकाने तळघरातून आपलं पाणी ओढायचं आणि आपणच बाहेर टाकायचं. एकाने दुसऱ्याला द्यायचं नाही."

लग्न होऊन वहिनी घरात आल्याला सतरा वर्षं झाली होती, पण 'चुकलं माझं' हे दिराने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

"दादाला सांगू हे?"

"आधी नळ्या सोडवा."

टेम्पोत आणखी दोन नळ्या होत्या. दिराने एक तळघरात सोडली, दुसरी गटाराकडे ओढली. घाईघाईत एक पंप कलंडून तिरपा झाला, तो त्याने तसाच चालू केला. आता धारा दोन पडत होत्या, आणि दोन्ही दांडग्या.

बाईंनी श्वास रोखला. पाणी दुसऱ्या फळीला टेकलं, तिथेच थबकलं आणि मग, अगदी हळू, फळीवर ओली रेघ सोडून खाली सरकलं.

"उतरतंय," त्या पुटपुटल्या. मग चौथ्या पायरीची कड दिसली तेव्हा त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला, "भावोजी, उतरतंय!"

साडेतीनला फरशी दिसू लागली. कडेचे चार गठ्ठे ओले झाले होते, ते वाळवता येण्यासारखे होते. दीर चिखलाने माखलेला, बाईंच्या शेजारी पायरीवर येऊन टेकला आणि शब्दकोशात डोकावला.

"वहिनी, चौथाही अर्थ आहे का हो याला?"

"आहे," बाई म्हणाल्या. "हात पुसा, दोघं वाचू."