आईच्या उशाशी दोन स्पीकर

"डोळे मीट आणि ऐक. व्हायोलिनची तार अन् तार सुटी ऐकू येते की नाही?" मधला धाकट्याला म्हणाला. "तुझ्या डब्याला हे सात जन्मांत जमायचं नाही."

"तारा सुट्या करून काय करायचंय, दादा? वाळत घालायच्यात?" धाकट्याने आपल्या स्पीकरचा आवाज चढवला. "हा बघ, खोली कशी भरून टाकतो. याला म्हणतात बेस."

लोखंडी कपाटाची कडी किणकिणायला लागली.

"खोली नाही, कपाट भरलं," मधला म्हणाला.

औषधांच्या बाटल्या बाजूला सारून आईच्या उशाशी दोन स्पीकर मांडले होते. मधल्याचा उंच, राखाडी कापडात गुंडाळलेला, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा ताठ. धाकट्याचा गोल, बुटका, पोटभर जेवून बसलेल्या माणसासारखा. दोन्ही दुकानातून वापरून बघायच्या बोलीवर आणलेले. न आवडेल तो परत करायचा. आईसाठी काही घ्यायचं म्हटलं की या दोघांच्या अंगात वारं शिरायचं. चाकाच्या खुर्चीच्या वेळी चाकं रबरी की भरीव यावरून दोघांत अबोला झाला होता. खुर्ची आल्यावर ढकलायला मात्र ताईच.

ताई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ही या दोघांची थोरली बहीण, आणि आज कधी नव्हे ती यंत्राच्या बाजूने होती. उंच असो, बुटकं असो, तिला दोन्ही चालणार होती.

ताई इस्पितळाच्या टेलिफोनवर कामाला होती. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे आणि दिवसभर एकच वाक्य, "थांबा हं, जोडून देते." कुणी घाबरलेलं असायचं, कुणी चिडलेलं, कुणाला रडू आवरत नसायचं. ताई सगळ्यांना त्याच एका स्वच्छ आवाजात जोडून द्यायची. मग आईला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली आणि ताई बिनपगारी रजेवर घरी बसली. ती रजा आज संपत होती. उद्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर तिच्या खुर्चीवर दुसरी बसणार. सुपरवायझरबाई फोनवर मायेनेच म्हणाल्या होत्या, "खूप धरून ठेवली गं तुझी जागा. आता नाही धरता येत."

तशी व्यवस्था ठरली होती. धुवायला-भरवायला दोन वेळा आया येणार. आया चालेल असं आई म्हणते, हे ताईनेच भावांना सांगितलं होतं, तेव्हा मधला हसत म्हणाला होता, "आई म्हणते की तू म्हणतेस?" चेष्टाच होती ती. पण तेव्हापासून आईचं काहीही सांगताना ताई उगाच साक्ष काढल्यासारखी आईकडे बघायची. तर, मधल्या वेळात काही लागलं की आईने स्पीकरला सांगायचं. स्पीकर पंखा लावेल, गाणी लावेल, आणि फारच अडलं तर ताईला फोन लावेल. ताईने न्हाणीघरात नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "थांबा हं, जोडून देते" म्हणूनही पाहिलं होतं. आवाज अजून होता.

"किमतीच्या मानाने बघ ना," धाकटा म्हणत होता. "तुझ्यात निम्मे पैसे नुसते नावाचे."

"आणि तुझ्यात निम्मे रंगाचे. पोपटी स्पीकर कुणी घेतं का?"

"अरे, पण आईला विचाराल की नाही?" ताईने कप टेकवले. "त्याच्याशी बोलायचंय तिला. तुम्हाला नाही."

हे मात्र खरंच कुणाला सुचलं नव्हतं. दोघांनी मिळून आईला उशांना टेकवून बसवलं. व्हायोलिन थांबलं. मधल्याने स्पीकरला हाक मारून जागं केलं.

"हं, आई, सांग. पंखा लाव म्हण."

आईने ओठ ओले केले. तोंड डावीकडे ओढत, श्वास गोळा करून ती बोलली.

"माफ करा, मला समजलं नाही," उंच स्पीकर अदबीने म्हणाला.

"बघितलंस? आता माझा बघ." धाकट्याने बुटका पुढे सरकवला. आई पुन्हा बोलली. बुटक्याने क्षणभर विचार केला आणि उद्याचं हवामान सांगितलं.

"आई, जरा नीट बोल ना," मधला बोलून गेला आणि त्याचा तोच ओशाळला. "म्हणजे, सावकाश गं."

आई सावकाश बोलली. मग मोठ्याने बोलली. दोन्ही यंत्रं आळीपाळीने माफी मागत राहिली. एवढी माफी या घरात कुणी कुणाची मागितली नव्हती.

हे ताईला आधीच कळायला हवं होतं. पण आईचं बोलणं तिला इतकं स्वच्छ ऐकू यायचं, की ते दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, हेच ती विसरून गेली होती.

"ताई, तू सांगून बघ."

ताईने सांगितलं, टेलिफोनवरच्या आवाजात. पंखा लगेच गरगरला.

"चाललं की!" धाकट्याचा चेहरा खुलला. "काही बिघडलेलं नाही. आई तुला सांगेल, तू याला सांग."

"आणि उद्या मी कामावर असेन तेव्हा?"

पंखा फिरत राहिला. मधल्याने चहाचा घोट घेतला. "ऐकून ऐकून शिकतात गं ही यंत्रं. तू थोडे दिवस सोबत राहिलीस, तर..."

"थोडे म्हणजे?"

"आता ते कसं सांगणार?" तो कपात बघत म्हणाला. "बरं, ते राहू दे. निदान आवाज तरी कुठला चांगला ते ठरवू."

पुन्हा तेच व्हायोलिन. आधी उंचावर, मग बुटक्यावर. कपाटाची कडी किणकिणली.

"आई, कुठला आवडला?" धाकटा वाकून म्हणाला. "खरं सांग हं. दादाला वाईट वाटेल म्हणून नको सांगू."

आईने स्पीकरकडे पाहिलंच नाही. ती ताईकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, "हिला जाऊ द्या रे."

ताईला शब्द अन् शब्द सुटा ऐकू आला.

"काय म्हणतेय?" दोघांनी एकदम ताईकडे मान वळवली.

ताईने तोंड उघडलं. एवढंच तर करत आली होती ती, इकडचं तिकडे जोडून देत. पण या खोलीत आईची भाषा येणारी ती एकटीच, आणि वाक्यही नेमकं तिच्याच सोयीचं. मधल्याच्या ओठांवर आत्ताच हसू फुटणार आहे असं तिला वाटलं. कदाचित फुटणारही नव्हतं.

"आवाज कमी करा म्हणतेय," ताई म्हणाली.

"तरी मी सांगत होतो, याला बेस जास्त आहे!" मधल्याला जिंकल्याचा आनंद झाला. धाकट्याने नाइलाजाने आवाज कमी केला.

आईने जोरजोरात मान हलवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. गळ्याच्या शिरा ताणून.

"अजून कमी हवाय," मधला म्हणाला. "बघ, मलाही कळायला लागलं."

आवाज आणखी उतरला. कडी गप्प झाली. व्हायोलिन डासाएवढं झालं आणि मग नाहीसंच झालं. त्या शांततेत आई तिसऱ्यांदा तेच बोलली, आणि बोलता बोलता धड असलेला डावा हात उचलून तिने ताईकडे बोट दाखवलं.



"तिला ताईच हवी," धाकटा म्हणाला. "एवढी भारी यंत्रं आणली आपण, पण शेवटी तिला ताईच हवी."

मधल्याने डोळ्यांचे कोपरे पुसले आणि मान डोलावली.

ताई पलंगाच्या कडेला बसली. आईचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि हळूच खाली, चादरीवर ठेवला.

आईने तो पुन्हा वर उचलला.