वासाचा रकाना

आत काचेवर काच टणकन वाजली आणि माझं पेन थांबलं.

लाकडाला पॉलिश करणारा तो, पाणी आणतो म्हणून आत गेला होता. नुसत्या पाण्याला एवढा वेळ? मी बालकल्याण खात्याची समाजसेविका, न सांगता घरभेटीला आलेली. पाळणाघराला सुट्टी, म्हणून लेकही बरोबर. ती खुर्चीत पाय हलवत गप्प बसली होती.

त्याची दारू सुटून चौदा महिने झालेत. त्याची मुलगी आत्याकडे असते. ती घरी येणार की नाही, हे सोमवारी माझ्या अहवालावर ठरायचं होतं. त्यात एक रकाना आहे, वासाचा. आणि घरात स्पिरिटचा वास नुसता भरून राहिला होता.

"पलंगाला कालच शेवटचा हात मारलाय," आतून तो म्हणाला. "पोरीसाठी केलाय. बघा ना, मॅडम."

पलंग होता खरा, चकचकीत, आणि पॉलिशमध्ये स्पिरिट असतंच. पण आमच्या मोठ्या बाई म्हणतात, "अगं, वासाला वासानंच झाकतात. तू अजून दूधखुळीच." मी बाथरूमचं निमित्त काढून फ्लशच्या टाकीमागे बाटली आहे का, हात घालून पाहून आले. हाताला धूळ लागली.

तो लिंबूपाण्याचे दोन ग्लास घेऊन आला. एक लेकीपुढे धरला. तिच्याआधी मीच तो घेतला, नाकाशी नेला आणि मग तिला दिला. माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्याच्या आलं.

"घ्या, नीट वास घ्या," तो हसला. "माझी पोरगीपण आधी वासच घेते. शाळेत शिकवत असतील."

मला काही हसू आलं नाही. त्याचंही मग मावळलं.

"इथे राहिली तर सुटेल तिची सवय," तो म्हणाला. "लांब राहून कशी सुटायची?"

"गोड आहे," लेक म्हणाली. तिच्या ओठाला साखरेचा कण चिकटला होता. तो मी बोटानं टिपला.

जिन्यात उभ्याउभ्याच मी रकान्यात 'आहे' लिहिलं. खोटं नव्हतं ते. कशाचा, हे लिहायला तिथे जागाच नव्हती. कडेला 'पॉलिश' लिहायला गेले आणि हात अडला. टाकीमागे पाहिलं, पण माळ्यावर कुठे पाहिलं होतं?

लेकीनं माझ्या पर्सचा पट्टा ओढला.

"आई, त्या ताईचा पलंग तर झाला. मग ती का येत नाही?"