तापमानाचा रकाना

दीक्षाने टेपचे टोक टेबलाच्या पायाशी धरले. शिपाई महिपती दुसरे टोक घेऊन मागे मागे सरकत शेजारच्या टेबलाला टेकला.

"ताई, साडेपाचच भरतंय. सहा फूट पायजे म्हणला तर दोघांना गच्चीवर बसवा."

"पहिले तुम्हीच बसा. उन्हात करोना मरतो म्हणत होता ना?"

तो हसला. दीक्षाने नकाशातल्या चार नंबरच्या टेबलावर काट मारली. ते मडिवाळप्पांचे टेबल होते.

टॉवेल कारखान्याचे हे ऑफिस दुसऱ्या लाटेत तीन महिने बंद होते. सोमवारी ते उघडायचे होते, आणि कोणी कुठे बसायचे, कसे यायचे याचा आराखडा मॅनेजर साहेबांना संध्याकाळपर्यंत हवा होता. काम दीक्षाकडे आले ते मागच्या रजिस्टरमुळे. गेटवर रोज प्रत्येकाच्या कपाळासमोर गन धरायची आणि तापमान लिहायचे. एक रकाना रिकामा नव्हता, कुठे खाडाखोड नव्हती.

"याची झेरॉक्स आराखड्याला जोडा," साहेब म्हणाले होते. "असं काम पाहिजे."

रजिस्टर स्वच्छ होते, कारण दीक्षा ते सोमवारीच आठवडाभराचे भरून टाकायची. खरे वाटावे म्हणून दशांश तेवढे बदलायची. पहिले पंधरा दिवस तिने मोजले होते. मग गनचे सेल उतरले, रांग तुंबायला लागली, आणि तसेही सगळ्यांचे आकडे सारखेच यायचे. मार्चमधल्या त्या गुरुवारी मडिवाळप्पांनी सवयीने टोपी वर सारून कपाळ पुढे केले होते. तिने मान वर न करता हातानेच आत जा म्हणून खुणावले. बाराव्या दिवशी ते गेले. शेजारच्या टेबलावरची चंद्रिका आठ दिवस ऑक्सिजनवर राहून परतली.

दुपारी मडिवाळप्पांची बायको नीलम्मा आली. ड्रॉवर रिकामा करायला या, असा साहेबांनीच निरोप धाडला होता. जुना चष्मा, विभूतीची डबी, अर्धी झालेली वही तिने पिशवीत ठेवली. तरी उठली नाही.

"चंद्रिका बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. सोमवारी येईल."

"तिला तोंड दाखवायला जागा न्हाय मला." नीलम्मा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. "त्या गुरुवारी सकाळी त्यांचं अंग तापलं होतं. रजा शिल्लक न्हवती. मीच तापाची गोळी दिली, मशीनमदी दिसू नये म्हणून. पोराला पण अजून सांगितलं न्हाय. तुमी नीट मोजलं असणार की. माझ्या गोळीनं मशीन फसलं. तुमच्यावर बोल नको, म्हणून सांगून टाकलं."

गोळी. म्हणजे मोजले असते तरी कदाचित काही दिसले नसते. दीक्षाने कितीतरी महिन्यांनी पूर्ण श्वास घेतला, आणि तो घेतल्याची तिला लगेच लाज वाटली. मनाला लावून घेऊ नका, एवढे म्हणून नीलम्माला जिन्यापर्यंत सोडता आले असते. झेरॉक्सची पाने आराखड्याला टाचून तयार होती.

"येते ताई," म्हणत नीलम्मा उठली.

"काकू, बसा."

दीक्षाने पिन काढली. मार्चचे पान नीलम्मासमोर ठेवले. नीलम्माला कन्नड वाचता येई, मराठी अक्षरे लागत नसत. आकडे मात्र कळत.

"हे काकांचं नाव. हा गुरुवार." दीक्षाचे बोट एक रकाना पुढे सरकले. "हा शुक्रवार. सत्त्याण्णव पॉइंट तीन. हा शनिवार. सत्त्याण्णव पॉइंट एक."

नीलम्माने कागद लांब धरून पाहिला, मग पुन्हा जवळ घेतला.

"शुक्रवारी पहाटेच आमी त्यांना दवाखान्यात नेलं होतं की."

"हो," दीक्षा म्हणाली.