नाव घेतलं तर करून दाखव

“मामा, आधी खुर्चीवरून उतर. हे चीटिंग आहे,” भावेश म्हणाला.

“कसली चीटिंग? तो पोरगा सव्वासात फुटांच्या वर हाय. माजी उंची तुला दिसतेय ना?” प्लास्टिकच्या खुर्चीवर उभ्या असलेल्या काशीरामने दोन्ही हात आणखी वर ताणले. “टाक बॉल. अडवून दाखवतो.”

भावेशने बॉल बास्केटकडे फेकला. काशीरामच्या पंजाला तो निसटता लागला आणि खुर्ची डुगडुगली. हादियाने धावत जाऊन तिचा पाय धरला नसता, तर अमेरिकेत खेळणाऱ्या त्या उंच पोराचा, वेम्बन्यामाचा, हा वकील त्या रविवारी सकाळी थेट हाडांच्या डॉक्टरकडे पोहोचला असता.

सगळे हसले. कट्ट्यावर बसलेला अब्दुल्लाही हसला, पण इतरांच्या मागून. काय झालं ते त्याला हसण्याच्या आवाजावरून कळलं होतं.

खारघरजवळच्या ओवे गावात काशीरामच्या जमिनीवर आता सात मजली इमारत उभी होती. बिल्डरशी करार करताना त्याने एकच हट्ट धरला होता. इमारतीच्या मागे, जिथे पूर्वी भाताची झोडणी व्हायची, तिथे गाड्या लागणार नाहीत. तिथे सिमेंटचा कोबा झाला, एक खांब उभा राहिला आणि खांबाला बास्केट लागलं. सून अजूनही पाहुण्यांना सांगायची, “आमच्या मामंजींचं हे देऊळ.”

हे वेड दोघांनी मिळून बहारीनहून आणलं होतं. अब्दुल्ला तिथे खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर पंप दुरुस्त करायचा आणि काशीराम बंदरावर क्रेन चालवायचा. एक पनवेलच्या पटेल मोहल्ल्यातला, दुसरा ओव्याचा, आणि ओळख झाली ती कंपनीच्या कॅम्पातल्या जेवणघरात. कॅम्पात निम्मे लोक फिलिपिन्सचे. त्यांच्या अंगात बास्केटबॉल असा भिनलेला, की शुक्रवारी पाय मोडला तरी ते शनिवारी कुबडी घेऊन पंच व्हायचे. कुठला खेळाडू मोठा यावरून जेवणघरात ताटं उडायची. शेवटी रोमेल नावाच्या फोरमनने नियम घातला. ज्याचं नाव घ्याल, त्याची एक करामत कोर्टवर करून दाखवायची. जमली नाही तरी चालेल, पण करायची.

नियम वरवर गमतीचा होता. पण त्यामुळे झालं असं, की नाव घेणारा माणूस कोर्टवर जाऊन सपशेल तोंडघशी पडायचा आणि परत येताना त्या खेळाडूबद्दल त्याच्या मनात नुसतं प्रेम नाही, तर आदर असायचा. टीव्हीवर जे सोपं दिसतं ते किती अवघड आहे, हे आधी गुडघ्यांना कळायचं आणि मग डोक्याला.

परत आल्यावर दोघांनी तो नियम तसाच चालू ठेवला. अमेरिकेतला बास्केटबॉलचा मोसम संपत आला, की एका रविवारी सकाळचा सामना बघून झाल्यावर सगळे मागे कोब्यावर यायचे. आज खेळणाऱ्यांपैकी पन्नास वर्षांनीही कोणाचं नाव निघेल, ते प्रत्येकाने सांगायचं आणि करून दाखवायचं. मग चौघांचं एकमत होईपर्यंत भांडायचं. एकमत आजवर कधीच झालं नव्हतं. चौघे म्हणजे हे दोघे, काशीरामचा भाचा भावेश, जो खारघरच्या एका शाळेत पीटी शिकवायचा, आणि अब्दुल्लाच्या मुलीची मुलगी हादिया, जी नुकतीच एमएस्सी झाली होती.

“पन्नास वर्षांनी खरं-खोटं करायला आपल्यातली ही नक्की उरणार,” काशीराम दर वर्षी हादियाकडे बोट दाखवून म्हणायचा. “आमच्या कबरीवर, चितेवर येऊन सांग गं, कोन बरोबर होता.”

“चितेवर कसं येणार, आजोबा?”

“मग भावेशला सांग. तो कुठं जातोय.”

आज हादियाचा नंबर आधी होऊन गेला होता. तिने एजा विल्सनचं नाव घेतलं, तेव्हा काशीरामने नाक मुरडलं. “बायकांची लीग वेगळी.” त्यावर हादियाने शांतपणे विचारलं, “ती चार वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरली. तुमचा वेम्बन्यामा किती वेळा, आजोबा?” मग ओढणी कमरेला गुंडाळून, बास्केटकडे पाठ करून, गर्रकन वळून तिने बॉल फेकला. पहिला कड्यावर आपटला. दुसरा आत गेला. काशीरामने दुसऱ्या बाजूला बघत टाळी वाजवली.

भावेशने शे गिल्जस-अलेक्झांडरचं नाव घेतलं होतं. “एकाच सीझनला सगळ्यात जास्त पॉइंट्स, बेस्ट प्लेअरचा मान आणि वर टायटल. अजून काय पाहिजे?” त्याने दाखवायला घेतलेली गोष्ट म्हणजे शेचं थांबणं. भरधाव जाता जाता तो असा थांबतो, की समोरचा एकटाच पुढे निघून जातो. भावेश धावला, थांबला, पण त्याचे बूट थांबले नाहीत. “त्याच्या पायांत ब्रेक आहेत यार,” कोपर चोळत तो म्हणाला आणि बसून राहिला.

आता अब्दुल्लाची पाळी होती.

दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला चौकटींचा एक कागद दाखवला होता. मधल्या रेषा वाकड्या दिसत होत्या आणि अगदी मधोमध तर काहीच नव्हतं. डावा डोळा आधीच गेलेला, आता उजव्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसेल, डॉक्टर म्हणाले, समोरचं जाईल. ज्या गोष्टीकडे बघाल तीच दिसणार नाही. तेव्हा जरा बाजूला बघायची सवय करा. अब्दुल्लाला ते पटलं नव्हतं. माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघावं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. भिंतीकडे बघत बोलणारा माणूस एक तर लबाड नाहीतर घमेंडी. तो सगळ्यांकडे सरळ बघत राहिला आणि सगळ्यांचे चेहरे एकेक करून राखाडी डागाखाली गेले.

त्याने हे कोणालाच सांगितलं नाही, हादियालाही नाही. भीती अंधाराची नव्हती. मोहल्ल्यात हाजी गफूरसाहेबांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून लोक त्यांच्याशी वाद घालेनासे झाले होते. ते काहीही बोलले तरी समोरचा मान डोलवायचा, “सही फरमाया, सही फरमाया.” पूर्वी चहाच्या टपरीवर ज्यांच्या एका वाक्यावर दहा जण तुटून पडायचे, त्या माणसाला आता कोणी चूकही ठरू देत नव्हतं. अब्दुल्लाला भीती होती ती त्याची. काशीराम एकदा का त्याचं म्हणणं मुकाट्याने मान्य करू लागला, तर मग या रविवारांत उरलं काय?

“बोला शेठ,” काशीराम खुर्चीवर बसून धापा टाकत म्हणाला. “परत तोच घोडेवाला?”

“तोच. योकिच.” सर्बियाच्या या खेळाडूला घोड्यांच्या शर्यतींचं वेड, म्हणून काशीराम त्याला घोडेवालाच म्हणायचा.

“सालाबादप्रमाने.”

“सालाबादप्रमाणे तूपण नाक वर कर,” अब्दुल्ला म्हणाला. “ऐक. उंच माणूस म्हणजे बास्केटखाली उभा करायचा खांब, असंच सगळे समजायचे. या माणसाने उंच असून सगळा खेळ आपल्या हातांतून फिरवला. पळत नाही, उडत नाही. अंग बघ, भाजी आणायला निघालेल्या माणसासारखं. निवड झाली तेव्हा चाळीस जण याच्या आधी घेतले गेले. आणि आज त्याच्या टीममधला साधा पोरगासुद्धा त्याच्याबरोबर खेळला, की चांगला खेळाडू दिसतो. पॉइंट्स करणारे येतात, जातात. दुसऱ्याला मोठं करणारा रोज जन्माला येत नाही.”

“किताब एकच हाय त्याचा,” काशीराम म्हणाला.

“तुझ्या वेम्बन्यामा नावाच्या खांबाचे किती?”

“तो अजून पोर हाय.”

“मग पोरालाच पन्नास वर्षांनंतरचा मुकुट कशाला देतोस?”

“मुकुटाचं ऱ्हाऊ दे. नाव घेतलंस ना? ऊठ, करून दाखव.”

अब्दुल्ला उठला. योकिचमध्ये एक सोय होती, असं त्याने मनाशी धरलं होतं. पळायचं नाही, उडी मारायची नाही. एका जागी उभं राहून पास द्यायचा, बस. तो कोब्याच्या मधोमध उभा राहिला. हादियाने बॉल त्याच्या हातात आणून दिला. भावेश अडवायला पुढे आला आणि काशीराम बास्केटच्या दिशेने धावायला कडेला जाऊन थांबला.

“निघालो रे,” काशीराम ओरडला.

अब्दुल्लाने आवाजाकडे सरळ बघितलं. काशीराम नाहीसा झाला. इमारत होती, खांब होता, खांबाच्या बाजूची केळ होती. जिथे मित्र असायला हवा होता तिथे धुरकट भोक होतं. त्याने अंदाजाने बॉल फेकला. तो काशीरामच्या डोक्यावरून गेला आणि बाजूच्या पार्किंगमध्ये कोणाच्या तरी स्कूटरचा आरसा फिरवून आला.

“वा, योकिचसाहेब,” भावेश म्हणाला.

“परत,” अब्दुल्ला म्हणाला. त्याची पाठ घामाने भिजली होती.

दुसरा बॉल काशीरामच्या पायामागे पडला. या वेळी कोणी हसलं नाही आणि अब्दुल्लाला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

काशीराम मात्र कंबरेवर हात ठेवून तडतडला. “अरे, तो घोडेवाला कदी बघतो का पास देताना? तू टक लावून बघतोस! नवरी बघायला आलायस का माज्याकडं? मान फिरव. नायतर नाव मागं घे.”

नाव मागे घेण्याचा प्रश्नच नव्हता. अब्दुल्लाने मान फिरवली. उजवीकडे, पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे त्याने नजर लावली. ती काळी टाकी लगेच डागाखाली गेली. आणि डोळ्याच्या डाव्या कडेला, फिकट पण स्पष्ट, काशीराम उगवला. लेंगा खोचलेला, टक्कल चमकणारं, एक पाय पुढे. दोन महिन्यांत त्याने काशीरामला इतकं नीट पाहिलं नव्हतं. काशीराम निघाला. भावेशने टाकीकडे जाणाऱ्या नजरेवर विश्वास ठेवून त्या बाजूला हात टाकला. अब्दुल्लाने बॉल सोडला.

तो भावेशच्या काखेखालून गेला, एकदा जमिनीवर आपटला आणि धावत्या काशीरामच्या दोन्ही हातांत जाऊन बसला. काशीराम इतका चकित झाला, की बास्केटमध्ये टाकायचं विसरून तो बॉल पोटाशी धरून उभा राहिला.

“ओ तेरी,” भावेश म्हणाला. “चाचा, परत द्या.”

परत दिला. पुन्हा पोहोचला. तिसऱ्यांदा हादिया धावली. तिलाही बरोबर छातीपाशी मिळाला. टाकीकडे बघत अब्दुल्ला कोब्यावरचे तिघे एकाच वेळी बघत होता आणि मनातल्या मनात त्या सर्बियातल्या जाड्या माणसाला सलाम करत होता. न बघणं ही ऐट नव्हे, हे त्याला आज कळलं. त्या माणसाला सगळं कोर्ट हवं असतं, म्हणून तो कोणा एकाकडे बघत नाही.

“न बघता कसं जमवलंत, चाचा?” भावेशने विचारलं. “दोन तर वाया गेले, आणि मग एकदम?”

एखादा विनोद करून सुटता आलं असतं. अब्दुल्लाने तोंड उघडलंही. पण रोमेलच्या नियमात खोटं बसत नव्हतं.

“बघितलं की दिसत नाही मला,” तो म्हणाला. “दोन महिने झाले. मधलं गेलंय. कडेचं दिसतं.”

हादियाच्या हातातला बॉल तिथेच राहिला. “नाना, तुम्ही अम्मीला सांगितलंय?”

“नाही.”

काशीराम जवळ आला, अगदी समोर, आणि त्याने अब्दुल्लाच्या नाकापुढे हात धरला. “किती बोटं?”

“काशा, बोटं मोजायला लावू नकोस मला.”

हात खाली गेला. मग भावेश घसा खाकरून म्हणाला, “मग मला वाटतं यंदा योकिचच फायनल करूया. चाचांचा पॉइंट बरोबर आहे. काय, हादिया?”

त्याचा आवाज मऊ होता. अब्दुल्लाने तो ओळखला. सही फरमाया, सही फरमाया. इतक्या वर्षांत न झालेलं एकमत असं अर्ध्या मिनिटात होऊ घातलं होतं. तो कट्ट्याकडे वळला.

“काय फायनल?” मागून काशीराम म्हणाला. “कशाचं फायनल?”

“मामा, राहू दे ना आता.”

“काय म्हनून ऱ्हाऊ दे?” काशीरामचा आवाज चिरकला होता, पण चढत होता. “अब्दुल्ला, मला नाय सांगितलंस तू. ते मी वेगळं बघून घेतो तुज्याकडं. पन पास बरा दिला म्हनून योकिच मोठा झाला का? डिफेन्समदी उभा ऱ्हातो तो, नळाला लाइन लावल्यासारखा. पन्नास वर्सांनी लोक पास आठवतात का रं? अडवलेला बॉल आठवतात.”

“तुला डोकं आहे का, काशा?” अब्दुल्ला वळून म्हणाला.

“हाय. केस नाय, डोकं हाय.”

“खांबाची आठवण कोण काढतं? त्याला फार तर दिवा लावतात.”

“दिवा लावतात म्हनून तर रस्ता दिसतो गाढवा.”

बोलता बोलता काशीराम त्याच्या समोरून सरकला. अब्दुल्लाच्या डावीकडे एक पाऊल गेला, मग आणखी एक, आणि नीट कडेला येऊन थांबला. अब्दुल्ला पाण्याच्या टाकीकडे बघत उभा राहिला. डोळ्याच्या कोपऱ्यात काशीरामचा लाल झालेला चेहरा होता, फुगलेल्या नाकपुड्या होत्या, आणि त्याच्यावर रोखून हलवलेलं एक बोट अगदी स्वच्छ दिसत होतं.